'स्नेहा अँड आय' की 'स्नेहा अँड मी'?

तुमच्या मॅनेजरचंच बरोबर आहे. 'प्लीज सेंड द फाईल टू स्नेहा अँड आय' मधला 'आय' खोडून त्यांनी 'मी' केलं, म्हणजे एम-ई वाला मी. (देवनागरीत हा एक घोळच आहे, आपला मी म्हणजे त्यांचा आय आणि त्यांचा मी म्हणजे आपलं मला, म्हणून खाली इंग्रजीतला असेल तिथे 'एमई' लिहितो.)

शाळेत तर 'अँड आय'च शिकवलं होतं असं तुम्ही म्हणताय, ते खोटं नाही, अर्धवट आहे. आमच्या बाईपण 'एमई अँड माय ब्रदर वेंट' लिहिलं की लाल रेघ मारून 'माय ब्रदर अँड आय' दहा वेळा लिहायला लावायच्या. तिथे ते बरोबरच होतं, गेलो आम्ही दोघं होतो ना, कर्ते आम्हीच. पण डोक्यात काय बसलं, तर एमई म्हणजे गावंढळ आणि आय म्हणजे सुशिक्षित, मग माणूस दिसेल तिथे आय चिकटवत सुटतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेसुद्धा सर्रास करतात हे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

सोपा उपाय म्हणजे स्नेहाला मिनिटभर बाजूला बसवा. 'सेंड द फाईल टू आय' म्हणाल का? नाही ना, मग ती परत आली म्हणून तुमचं रूप का बदलेल?

पण 'बिटवीन'ला हे चालत नाही, कारण एकट्याच्या 'मध्ये' काही नसतंच. तिथे मराठी कामाला येते. आपण 'मीसाठी', 'मीबरोबर' म्हणतो का, माझ्यासाठी, माझ्याबरोबर म्हणतो, शब्दयोगी अव्यय लागलं की मी चा माझ्या होतो. इंग्रजीत तेच अव्यय आधी येतं एवढाच फरक, टू, फॉर, विथ, बिटवीन काहीही असो, पुढे एमईच. तुझ्यामाझ्यात म्हणजे 'बिटवीन यू अँड एमई'.

आता इथेच एक खड्डा आहे, मी स्वतः पडलोय. मराठीत मला आलं की इंग्रजीत एमई, असं करू नका. 'मला चहा आवडतो', 'मला भूक लागलीय', 'मला माहितीये' या सगळ्यात इंग्रजीत आय येतो. आपल्याकडे क्रियापद चहाच्या मागे जातं (चहा आवडतो, भाजी आवडते), त्यांच्याकडे कर्ता मीच. म्हणून मराठीवरचा पडताळा फक्त टू-फॉर-विथ वाल्या जागी वापरा.

आणि कळत नाही म्हणून 'कॉन्टॅक्ट स्नेहा ऑर मायसेल्फ' ही पळवाट तर नकोच. मायसेल्फला त्याच वाक्यात आधी आय लागतो, 'आय कट मायसेल्फ', 'आय डिड इट मायसेल्फ'. पहिल्या इंटरव्ह्यूला मी 'मायसेल्फ अमुक अमुक' अशी सुरुवात केली होती, समोरचे साहेब गालातल्या गालात हसले, का ते दोन वर्षांनी कळलं 😅

'हू इज इट?' ला 'इट्स एमई' बिनधास्त म्हणा, जुनी व्याकरणं 'इट इज आय' सांगतात पण तसं बोललात तर दार उघडणारा दचकेल.

राहिलं स्नेहाचं नाव आधी का, तर तो नुसता शिष्टाचार. 'टू एमई अँड स्नेहा' लिहिलंत तर व्याकरण चुकत नाही, स्नेहा रुसेल फार तर.