प्रॉबॅबिलिटीची सूत्रं पाठ आहेत, पण गणितात कोणतं लावायचं तेच कळत नाही. काय करू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एम-थ्रीमधली (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरमधली) सूत्रं तोंडपाठ आहेत, पण प्रश्न समोर आला की बायनॉमियल, पॉइसन की नॉर्मल यांपैकी कोणतं वितरण (डिस्ट्रिब्युशन) यातच गोंधळ उडतो. क्लास लावू का?

क्लासचं शेवटी बोलू. आधी एक सवय लावून घ्या. प्रश्न वाचला की लगेच सूत्राकडे धावू नका. वहीत साध्या मराठीत दोन गोष्टी लिहा: काय मोजायचंय, आणि कशापैकी. या विषयात अडणारे बहुतेक जण आकडेमोडीत अडत नाहीत, ते या दोन ओळींत अडतात.

पहिल्या ओळीवरून वितरण ठरतं. ठरावीक नगांपैकी खराब किती हे मोजायचंय, प्रत्येक नग खराब निघण्याची शक्यता सारखी आहे आणि एका नगाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तर बायनॉमियल. नग पुष्कळ आणि शक्यता अगदी कमी असेल तर तेच गणित पॉइसनने सोपं होतं. २०० नग आहेत आणि प्रत्येक खराब असण्याची शक्यता ०.०१ आहे असं धरा. सरासरी २ येते. एकही खराब नसण्याची शक्यता बायनॉमियलने ०.१३४० आणि पॉइसनने ०.१३५३ येते, म्हणजे फरक नगण्य. ‘एका तासात किती’, ‘एक मीटर तारेत किती’ असं विचारलं असेल तर एकूण नग हा आकडाच नसतो, तिथे बायनॉमियल लावता येत नाही, पॉइसन लावायचं. मिलिमीटर, ग्रॅम असं मोजमाप असेल तर नॉर्मलचा विचार करायचा, तोही डेटा पाहून.

‘एका नगाचा दुसऱ्याशी संबंध नाही’ ही अट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, पण वर्कशॉपमध्ये पहिली तीच मोडते. टूलचा इन्सर्ट (धातू कापणारा टोकाचा तुकडा) तुटला की पुढचे दहा-बारा जॉब, म्हणजे नग, ओळीने खराब येतात. तिथे बायनॉमियल लावून काढलेलं उत्तर चुकीचंच असणार. ही अट तपासायची म्हणजे जॉब ज्या क्रमाने मशीनवरून उतरले त्याच क्रमाने नोंदवायचे. क्रम हरवला की अट तपासण्याची सोयही गेली.

आता दुसरी ओळ, ‘कशापैकी’. बेजच्या प्रमेयाची (निकाल दिसल्यावर त्यामागचं कारण किती शक्य हे काढण्याच्या सूत्राची) सगळी भीती या एका शब्दाने जाते. अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या शॉपमधला लॉट डोळ्यांसमोर आणा. २ टक्के जॉब खऱ्या अर्थाने खराब आहेत. तपासणीचा गेज खराब जॉबपैकी ९५ टक्के पकडतो, पण चांगल्यांपैकीही ४ टक्के चुकून बाजूला काढतो. बाजूला काढलेला जॉब खरंच खराब असण्याची शक्यता किती? बरेच जण ‘९५ टक्के’ म्हणतात. सूत्र बाजूला ठेवा आणि १०,००० जॉब घ्या. खराब २००, त्यातले पकडले १९०. चांगले ९,८००, त्यातले चुकून काढले ३९२. रिजेक्शनच्या ट्रेमध्ये एकूण ५८२, त्यात खरे खराब १९०. म्हणजे सुमारे ३३ टक्के. ट्रेमधले दोन तृतीयांश जॉब चांगले आहेत! ९५ टक्के हे ‘खराब जॉबपैकी’ होतं, प्रश्न होता ‘ट्रेमधल्या जॉबपैकी’. भागाकाराच्या खालचा आकडा बदलला की उत्तर बदलतं. असली पाच गणितं १०,००० धरून सोडवा, मग सूत्र तुमचं तुम्हालाच लिहिता येईल.

नॉर्मलसाठी एक गणित नीट समजून घ्या. शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स दोन्ही बाजूंना ०.०५. मशीनवर सरासरी २५.०१ येतेय आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (व्यास सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) ०.०२ आहे. झेड म्हणजे सरासरीपासूनचं अंतर भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन. वरच्या मर्यादेचा झेड २, खालच्या मर्यादेचा उणे ३. वर जाणारे ०.०२२८, खाली जाणारे ०.००१३, एकूण हजारी सुमारे २४ जॉब बाद. आता मशीन तेच, पण टूल ऑफसेट बदलून सरासरी बरोबर २५.०० वर आणली. दोन्हीकडचा झेड २.५ झाला आणि बाद जॉब हजारी १२ वर आले. मशीन न बदलता रिजेक्शन निम्मं झालं. सरासरी ऑपरेटरच्या हातात असते, विखुरणं मशीनच्या अवस्थेवर अवलंबून असतं. हा भेद समजला की पुढे क्वालिटी कंट्रोल शिकताना काहीच नवं वाटत नाही.

इथे मार्क जातात ते नॉर्मलच्या टेबलमुळे. काही टेबलं शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतात, काही अगदी डावीकडून. झेड २ ला पहिल्यात ०.४७७२ दिसेल, दुसऱ्यात ०.९७७२. त्यामुळे दर वेळी घंटेच्या आकाराची आकृती काढून हवा तो भाग रेघांनी भरा. अर्धा मिनिट जातो, पण तो वाया जात नाही.

आता एक काम घरी करा. बाजारातून तीन-चार किलो कांदे आणा, निवडून नव्हे, हात घालून येतील ते. त्यातल्या ५० कांद्यांचा मधला व्यास व्हर्नियरने आणि वजन किचनच्या काट्यावर घ्या. दोन्हींचे हिस्टोग्राम काढा. व्यासाचा आलेख साधारण दोन्हीकडे सारखा येईल, वजनाची शेपटी मात्र उजवीकडे लांबेल. याचं कारण भूमितीत आहे: वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. व्यास १० टक्के वाढला तर वजन ३३ टक्के वाढतं, १० टक्के घटला तर २७ टक्केच घटतं. म्हणून वजनाची सरासरी मध्यकापेक्षा (मीडियनपेक्षा) वर सरकते. स्क्यूनेस म्हणतात तो हाच, आणि प्रत्येक मोजमाप नॉर्मल का नसतं याचं उत्तरही तेच.

त्याच ५० वजनांच्या चिठ्ठ्या करा. एक उचला, नोंदवा, परत टाका. अशा पाच झाल्या की सरासरी काढा. हे तीस वेळा करा. त्या तीस सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन मूळच्या सुमारे ०.४५ पट येईल, कारण पाचचं वर्गमूळ २.२४. सरासऱ्यांचं हे विखुरणं म्हणजेच स्टँडर्ड एरर, तो काय असतो हे यानंतर पुन्हा विचारावं लागणार नाही.

कॅल्क्युलेटरवर स्टँडर्ड डेव्हिएशनची दोन बटणं असतात. २५.०१, २५.०३, २४.९९, २५.०२, २५.०० या पाच रीडिंगना सिग्मावालं ०.०१४१ देतं, एसवालं ०.०१५८. पहिल्यात पाचने भागलंय, दुसऱ्यात चारने. सरासरी त्याच पाच रीडिंगवरून काढल्यामुळे ती त्यांच्या अगदी मध्ये बसते आणि फरक असतात त्याहून लहान दिसतात. चारने भागून ती तूट भरून निघते. सॅम्पलवरून पूर्ण लॉटचा अंदाज करायचा असेल तर एस. प्रश्नात डेटा म्हणजेच सगळं असेल तर सिग्मा. सॅम्पल लहान असेल तेव्हा झेडऐवजी टी वितरण वापरतात, कारण थोड्या रीडिंगवरून काढलेला एस स्वतःच फारसा भरवशाचा नसतो. गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये ते मांडलं.

रिग्रेशनमध्ये दोन रेषा (एक वायची एक्सवर, दुसरी एक्सची वायवर) देऊन ‘कोणती कोणाची’ विचारतात. एक गृहीत धरा, दोन्ही गुणांकांचा गुणाकार करा. तो १ च्या वर गेला तर गृहीत उलट करा, कारण तो गुणाकार म्हणजे आरचा (कोरिलेशन गुणांकाचा) वर्ग, आणि तो १ च्या वर जाऊच शकत नाही. काय-स्क्वेअर चाचणीत (डेटा अपेक्षेशी जुळतो का ते पाहणाऱ्या) अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असलेले गट शेजारच्यात मिळवा आणि गट मिळवल्यावरच डिग्रीज ऑफ फ्रीडम (गटांची संख्या वजा एक) मोजा. सरासरी डेटावरूनच काढली असेल तर आणखी एक वजा करा, हे हमखास विसरलं जातं.

आता क्लासचं. जुन्या पेपरांतले वीस प्रश्न घ्या. सोडवू नका, फक्त वरच्या दोन ओळी आणि वितरणाचं नाव लिहा, मग उत्तरांशी ताडून पाहा. सोळा-सतरा बरोबर आले तर क्लास नको, सराव करा. त्याहून कमी आले तर चुकलेल्यांत कोणती ओळ चुकली ते बघा. ‘कशापैकी’ चुकत असेल तर अकरावीचं क्रमपर्याय-संयोग (परम्युटेशन-कॉम्बिनेशन) आणि संचांच्या वेन आकृत्या आठवडाभर परत करा. ‘काय मोजायचंय’ चुकत असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमावर मोफत व्याख्यानं आहेत, त्यातला रँडम व्हेरिएबलचा भाग वही-पेन घेऊन, थांबवत थांबवत बघा. हे करूनही तिथेच अडलं तर खुशाल क्लास लावा, पण जाताना ते चुकलेले प्रश्न बरोबर न्या.