साठेखतावरची तारीख आणि कलम २३

फ्लॅट खरेदीबद्दल तुम्ही पत्रातून आठ प्रश्न विचारले आहेत. पार्किंग कोणाचं, सोसायटीची थकबाकी कोणी भरायची, एनओसी लागते का, कार्पेट एरिया पुन्हा मोजून घ्यावा का, वगैरे. यातल्या एकाचंही उत्तर महिनाभर उशिरा मिळालं तर तुमचं काही बिघडणार नाही. ज्याने बिघडेल ते तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलंच नाही. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे: ‘साठेखतावर ११ जूनला सह्या झाल्या, स्टॅम्प ड्युटी पूर्ण भरली, फक्त रजिस्ट्रेशन राहिलंय.’

साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा लेखी करार. या ‘फक्त’पायी अडकलेल्यांची पत्रं मला दर महिन्याला येतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो. पुनर्विक्रीचा फ्लॅट, किंमत ७२ लाख, त्यातले १९ लाख तुम्ही चेकने दिलेत. नोंदणी आधी आषाढ म्हणून, मग गणपती म्हणून आणि आता पितृपक्ष म्हणून पुढे गेली. आता विक्रेते आणखी पाच लाख मागतात आणि फोन उचलत नाहीत. एजंट म्हणतो, नोटरी झालीय, काळजी करू नका.

काळजी करा. नोटरीने सही-शिक्का मारला म्हणजे सह्या त्याच्यासमोर झाल्या, एवढंच. त्याने दस्त नोंदला जात नाही आणि मुदतही वाढत नाही. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम २३ प्रमाणे दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकासमोर (सब-रजिस्ट्रारसमोर) सादर करावा लागतो. तुम्ही पाठवलेल्या शेवटच्या पानाच्या फोटोत तीन तारखा दिसतात. विक्रेत्याच्या सहीखाली ११ जून, त्यांच्या पत्नीच्या सहीखाली २३ जून आणि नोटरीच्या शिक्क्यात २ जुलै. वेगवेगळ्या दिवशी सह्या झाल्या तर कलम २४ प्रत्येक सहीपासून मुदत मोजू देतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तुमची तारीख ११ ऑक्टोबर. पितृपक्ष संपायची वाट पाहिलीत तर हातात जेमतेम काही दिवस उरतील आणि त्यातही सुट्ट्या.

‘उशीर झाला तर दंड भरू’ असं तुम्ही लिहिलंय. कलम २५ मध्ये आणखी चार महिन्यांची सोय आहे, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंडासह. पण ती मागितली की मिळते असं नाही. निकडीचं कारण किंवा टाळता न येणारी अडचण होती हे जिल्हा निबंधकाला पटावं लागतं. एजंटने थांबायला सांगितलं, मुहूर्त नव्हता, ही त्यातली कारणं नव्हेत.

आता मुख्य गोष्ट. बहुतेकांना वाटतं की विक्रेता आल्याशिवाय नोंदणी कार्यालयाची पायरीही चढता येत नाही. तसं नाही. कलम ३२ प्रमाणे दस्त लिहून देणारा सादर करू शकतो, तसाच त्या दस्ताखाली हक्क सांगणाराही, म्हणजे तुम्ही. सादर करणं ही एक पायरी आणि लिहून देणाऱ्याने हजर राहून सही आपलीच असल्याची कबुली देणं ही दुसरी. पहिली तुमच्या एकट्याच्या हातात आहे आणि कलम २३ ची मुदत तिलाच लागू आहे. कबुलीसाठीही मुदत आहे, मात्र उशीर झाल्यास कलम ३४ खाली दंडासह वाढ मागता येते. विक्रेत्याला बोलावण्यासाठी समन्स काढण्याची मागणी कलम ३६ खाली करता येते.

सादर करायला मूळ दस्त लागतो. तो एजंटच्या फाइलमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. १९ लाख मोजलेला माणूस मूळ कागद दुसऱ्याकडे ठेवून इतके दिवस झोपतो कसा, हे मला खरंच समजत नाही. आजच जाऊन तो ताब्यात घ्या. दस्ताची डेटा एन्ट्री ऑनलाइन करा, ग्रासचं (सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीचं) ई-चलन, नोंदणी फी, तुमचं आधार, पॅन आणि ओळख पटवणारे दोघे घेऊन कार्यालय गाठा. खिडकीवरचा माणूस बहुधा म्हणेल, ‘दोघं आल्याशिवाय होत नाही.’ तिथून परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार असेल तर कारणांसह लेखी मागा. कलम ७१ प्रमाणे नकाराची कारणं नोंदवून अर्जदाराला त्याची नक्कल विनामूल्य द्यावी लागते. नकाराचा आदेश झाल्याच्या तारखेपासून जिल्हा निबंधकाकडे जायला तीस दिवस मिळतात. विक्रेत्याने सहीच नाकारली तर कलम ७३, अन्य कारणाने नकार असेल तर ७२. विक्रेता मुद्दाम गैरहजर राहिला तर यातलं कोणतं लागू, यावर वाद होऊ शकतो. ते तुमच्या वकिलाने कागद पाहून ठरवावं. तिथेही नकार आला तर कलम ७७ खाली दिवाणी दावा, तोही तीस दिवसांतच.

नोंदणी झाली नाही तर सगळं बुडालं का? नाही. नोंदणी न झालेलं साठेखतही कलम ४९ च्या परंतुकाप्रमाणे (कलमातल्या अपवादाप्रमाणे) करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून वाचलं जाऊ शकतं. धोका वेगळा आहे. नोंदणी नाही म्हणजे सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या सरकारी यादीत (इंडेक्स टू), तुमचं नाव नाही. उद्या विक्रेत्याने हाच फ्लॅट तिसऱ्याला विकला, त्याच्या वकिलाने शोध घेतला आणि काही सापडलं नाही, तर तो म्हणेल, मला माहीत नव्हतं, मी पूर्ण पैसे मोजले. विशिष्ट अनुतोष कायद्याचं (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम १९ अशा प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण देतं. मग तुम्ही विक्रेत्याच्या मागे १९ लाखांसाठी फिरत बसाल.

किल्लीबद्दल. विक्रेत्यांनी एक किल्ली दिली आणि तुम्ही आईचं कपाट तिथे नेऊन ठेवलंत, म्हणून तुम्हाला ताबा मिळाल्यासारखं वाटतंय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-ए ने ताब्याला संरक्षण मिळतं खरं, पण २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी करार नोंदलेला लागतो. तो नसेल तर त्या कपाटाच्या जोरावर काही टिकणार नाही. किल्ली परत मात्र करू नका.

कार्यालयात जाल त्याच दिवशी वकिलामार्फत विक्रेता आणि त्यांच्या पत्नीला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. उरलेले ५३ लाख द्यायला मी तयार आहे, अमुक दिवशी, अमुक कार्यालयात कबुलीला या, असं त्यात स्पष्ट असावं. सोसायटीला साठेखताच्या प्रतीसह पत्र द्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची वाट बंद होते ती अशा कागदांनी. बँकेचं कर्ज मंजुरीपत्र संपत आलं असेल तर वाढवून घ्या. करारपूर्तीच्या दाव्यात तुम्ही पैसे द्यायला सतत तयार आणि सक्षम होतात का, हे न्यायालय पाहतंच.

जादा पाच लाख देऊन विषय मिटवावा का, हा व्यवहाराचा निर्णय, तो मी तुमच्यासाठी घेणार नाही. एवढंच सांगतो, की दावा लावला तर निकालाला किती वर्षं लागतील हे तुम्हाला कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही, आणि तेवढी वर्षं घरभाडं चालूच राहील. द्यायचेच ठरलं तर दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी, कबुलीचा अंगठा उठल्यावर, चेकने. एजंट सुचवतोय तशी नव्या कोऱ्या कागदावर जुनी तारीख तर मुळीच टाकू नका.

बिल्डरकडून नवं घर घेताना रेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम १३ मुळे नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला त्याला मनाई आहे. पुनर्विक्रीत तसा अडसर नाही, म्हणूनच अशी पत्रं पुनर्विक्रीवाल्यांची जास्त येतात. सही, नोंदणी आणि मोठा चेक या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हायला हव्या होत्या.

आणखी एक. किंमत पन्नास लाखांच्या वर आहे, तेव्हा १९ लाख देताना एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापून भरायचा आयकर) कापला होता का, ते तुमच्या सीएला आजच विचारा. कापला असेल तर विक्रेत्याच्या पॅनवर भरलेलं ते चलन व्यवहाराचा चांगला पुरावा आहे. नसेल तर व्याज वाढतंय.

उरलेल्या प्रश्नांसाठी पार्किंगचं वाटपपत्र आणि सोसायटीचं शेवटचं बिल लागेल. ते नंतर पाठवा. आधी मूळ दस्त आणा आणि येत्या सोमवारी कार्यालय उघडताना दारात हजर राहा. तिथून मिळणाऱ्या पावतीचा फोटो मला पाठवा.