मुंबईत खंड्या बघायला कुठे जावं? त्यासाठी पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यातच जावं लागतं का?

नाही, साध्या खंड्यासाठी कर्नाळा वगैरे काही गरज नाही, सकाळी लवकर भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता, पवई तलावाचा काठ नाहीतर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, जे जवळ पडेल ते गाठा. मी भांडुपच्या बाजूला बरीच वर्षं पक्षी बघतोय त्यावरून सांगतो, लोक चुकतात ते इथेच की नजर पाण्यावर लावून बसतात. चॉकलेटी डोकं, पांढरी छाती, लाल जाड चोच आणि झगझगीत निळी पाठ असलेला आपला नेहमीचा खंड्या नाकतोडे, सरडे, खेकडे सगळं खातो, त्याला पाणी पाहिजेच असं नाही, तो विजेच्या तारेवर, खांबावर, अगदी सोसायटीच्या कंपाउंडवर पण बसलेला असतो आणि दिसायच्या आधी त्याचा तो कर्कश किलकिलाट ऐकू येतो. छोटा खंड्या मात्र पाणी सोडत नाही, चिमणीएवढाच असतो, पोट नारिंगी, पाण्याला लागून बाणासारखा सुटतो. तो गेला म्हणून मागे पळू नका, गप्प उभे राहा, बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो.

फक्त एक, तुम्हाला फोटोत दिसतो तो जांभळट-पिवळा तिबोटी खंड्या हवा असेल तर मग कर्नाळाच, आणि तेही पावसाळ्यात. तो ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून अंडी घालतो, त्यामुळे घरट्याजवळ कॅमेरा घेऊन ठाण मांडू नका प्लीज, पिल्लं उपाशी राहतात.