तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: अ‍ॅन्सोनियाच्या भिंतीत काय काय होतं?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींबद्दल वाचताना अ‍ॅन्सोनियाचं नाव सारखं येतं. एवढी श्रीमंतांची बिल्डिंग आणि बऱ्याच घरांत किचनच नव्हतं म्हणे, हे कसं काय?

उत्तर : खरंय, आणि ते श्रीमंतांची होती म्हणूनच. ही बिल्डिंग ब्रॉडवेवर ७३व्या आणि ७४व्या रस्त्याच्या मधे आहे, काम १८९९ला सुरू झालं नि १९०४ला संपलं. बांधणारा विल्यम अर्ल डॉज स्टोक्स, घरचा पैसा तांब्या-पितळेच्या धंद्यातला, बिल्डिंगचं नावसुद्धा त्याचे आजोबा अ‍ॅन्सन फेल्प्स यांच्यावरून आलेलं. त्या काळात तिथे अपार्टमेंट हॉटेलची चलती होती, म्हणजे राहायचं कायमचं पण जेवायला खालच्या डायनिंग रूममध्ये जायचं नाहीतर वर मागवायचं, साफसफाई, चादरी बदलणं सगळं हॉटेलच्या स्टाफकडे, स्वतःचे नोकर ठेवून त्यांच्या मागे लागायची कटकटच नको. बिल्डरचाही यात फायदा होता बरं का. साध्या फ्लॅटच्या इमारतींना कायद्याने उंचीची मर्यादा होती, हॉटेलांना ती लागू नव्हती, मग काय, चढवले १७ मजले! आणि १९०४लाच शेजारी ७२व्या रस्त्यावर सबवेचं म्हणजे भुयारी रेल्वेचं स्टेशन सुरू झालं, त्यामुळे शहराच्या एवढ्या उत्तरेला राहूनही दक्षिणेकडच्या कामाच्या भागात जायची सोय झाली.

प्रश्न : एसी नसताना उन्हाळ्यात तिथे थंड कसं ठेवायचे? आणि एवढे गायक-वादक नेमके तिथेच का राहायचे?

उत्तर : दोन्हीचं उत्तर भिंतीतच आहे. फोटो काढणारे सगळे बाहेरचं बघतात, कोपऱ्यातले गोल बुरूज, लोखंडी बाल्कन्या, वरचं उतरतं फ्रेंच छप्पर. पॉल दुबॉय या फ्रेंच आर्किटेक्टचं काम ते, पॅरिसची हौस पुरेपूर भागवलेली, आणि माझ्या मते जरा जास्तच. खरी करामत आतली आहे. मिठाचं पाणी लवकर गोठत नाही म्हणून ते खूप थंड करता येतं, तसं गार केलेलं पाणी भिंतीतल्या नळ्यांमधून फिरवायचे नि त्याने खोल्या गार व्हायच्या. चिठ्ठ्या पाठवायला हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्या होत्या त्यासुद्धा भिंतीतच. एवढं सगळं पोटात घ्यायचं, वर आगीपासूनही बचाव हवा, म्हणजे भिंती जाडजूड आल्याच, आणि त्या जाडीमुळे एका घरातला आवाज दुसऱ्या घरात फारसा जात नसे. रियाज करणाऱ्याला आणखी काय पाहिजे? ऑर्केस्ट्राचा संचालक टोस्कानिनी, संगीतकार स्ट्राविन्स्की, ऑपेराचा गायक एझिओ पिन्झा, सगळे तिथे राहून गेले. बेसबॉलवाला बेब रूथही राहिला, त्याचा रियाजाशी काही संबंध नाही म्हणा.

प्रश्न : गच्चीवर अस्वल होतं ही थाप आहे का?

उत्तर : थाप नाही. स्टोक्सने गच्चीवर चक्क शेतघरच थाटलं होतं, कोंबड्या, बदकं, शेळ्या आणि एक लहानसं अस्वल. ताजी अंडी हॉटेलचे बेलबॉय घरोघरी पोचवायचे. १९०७ला शहराच्या आरोग्य खात्याने ते बंद पाडलं.

प्रश्न : मग आता तिथे काय आहे?

उत्तर : लोक राहतात, फ्लॅट मालकीचे झालेत. मधल्या काळात हाल झाले मात्र. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचं धातूचं नक्षीकाम भंगारात गेलं, नंतर बिल्डिंगची निगाही राहिली नाही, १९६८ला तळघरात कॉन्टिनेन्टल बाथ्स हे समलिंगी पुरुषांचं स्नानगृह सुरू झालं, तिथेच गायिका बेट मिडलरचं गाणं गाजलं. बिल्डिंग पाडून टॉवर उभा करायचा बेतही शिजत होता, भाडेकरूंनी जोर लावला आणि १९७२ला तिला लँडमार्कचा, म्हणजे जतन करायच्या वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. पण हा दर्जा फक्त बाहेरच्या अंगाला आहे. आत कुणी दोन फ्लॅट जोडले, कुणी एकाचे दोन केले, आणि ज्या घरांत किचन नव्हतं तिथे ते आलं.