टीममधल्या सहकाऱ्याच्या घरी डिमेन्शियाचा रुग्ण आहे, मॅनेजर म्हणून मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की सहकाऱ्याच्या वडिलांना डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार) आहे, तो मीटिंगमधून फोन घ्यायला उठतो, कामं मागे पडतायत, आणि "हवी तेवढी रजा घे" म्हटलं तरी घेत नाही. मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे आणि त्यातली काही वर्षं आईचा डिमेन्शिया सांभाळत नोकरी केली. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

तो रजा घेत नाही, कारण तो ती साठवून ठेवतोय. ऑपरेशन असेल तर माणूस पंधरा दिवस रजा टाकतो आणि परत येतो. हा आजार वर्षानुवर्षं चालतो आणि पुढे वाढतच जातो, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं असणार. आजच रजा संपवली तर वडील अंथरुणाला खिळल्यावर काय करायचं, हा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो.

म्हणून मोठ्या रजेपेक्षा तुकड्यातुकड्यांची सवलत द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार डिमेन्शियाच्या रुग्णाकडे घरची माणसं रोज सरासरी ५ तास देतात. हे तास ऑफिसची वेळ बघून येत नाहीत. सकाळी केअरटेकर आलीच नाही. दुपारी वडील दार उघडून निघून गेले. संध्याकाळ जवळ आली की बऱ्याच रुग्णांची अस्वस्थता वाढते, "मला घरी जायचंय" असं ते स्वतःच्याच घरात बसून म्हणत राहतात. रात्री झोप नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती तासांवर घेता येणारी रजा, उशिरा येण्याची मुभा, आणि संध्याकाळच्या मीटिंगमधून कायमची सुटका. ही शेवटची गोष्ट तुम्ही उद्याच करू शकता, त्याला पॉलिसी लागत नाही.

मीटिंगमध्ये फोन उचलायची परवानगी उघडपणे द्या. कधी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारायला फोन येतो, कधी गॅस चालू राहिलाय म्हणून. उचलल्याशिवाय कळत नाही.

वर्क फ्रॉम होम दिलं की प्रश्न सुटला, असं मात्र समजू नका. मुलगा समोर दिसतोय म्हणजे तो मोकळा आहे, एवढंच रुग्णाला कळतं. तो लॅपटॉपवर काम करतोय हे पुन्हा पुन्हा सांगून उपयोग होत नाही. काहींना घरून काम सोयीचं पडतं, काहींना ऑफिस हीच दिवसभरातली एकमेव श्वास घ्यायची जागा असते. मी दुसऱ्या प्रकारातला होतो. तुमचा सहकारी कोणत्या प्रकारातला, हे त्यालाच विचारा.

विचारताना "वडील कसे आहेत?" यावर थांबू नका, त्याला उत्तर "ठीक" एवढंच येतं. "या आठवड्यात कोणत्या वेळा अवघड आहेत?" असं विचारा. आजाराची अवस्था बदलली की गरजाही बदलतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बसा. सुरुवातीला डॉक्टर, बँक, कागदपत्रं यांची धावपळ असते, आणि वडिलांना समजून सही करता येते तोवरच यातलं बरंच काही उरकावं लागतं. कंपनीत वकिलाचा सल्ला मिळत असेल तर तो याच वेळी मिळवून द्या.

त्याच्यावर दया म्हणून महत्त्वाचं काम परस्पर काढून घेऊ नका. मदत म्हणून कुणी असं केलं की माणसं हमखास घरची परिस्थिती लपवायला लागतात. एका कामाला दोन माणसं जोडा, डेडलाइन आधीच ठरवा, आणि अप्रेझलमध्ये गैरहजेरीच्या तासांची नाही तर झालेल्या कामाची नोंद करा. घरची गोष्ट टीमला सांगायची की नाही, हे तो ठरवेल.

एचआरशी बोलणार असाल तर जपानचं उदाहरण द्या. तिथल्या कायद्यात घरच्या एका आजारी माणसामागे एकूण ९३ दिवसांची रजा मिळते आणि ती तीन भागांत घेता येते. कर्मचाऱ्याने स्वतः सगळी शुश्रूषा करावी यापेक्षा काळजीची व्यवस्था लावायला त्याला सवड मिळावी, असा तिच्यामागचा विचार आहे. हा विचार मला फार पटतो. केअरटेकर शोधणं, डे-केअर पाहणं, भावंडांशी वाटणी ठरवणं, यालाच खरा सलग वेळ लागतो.

आणखी एक. तुमच्या टीममधल्या बायकांकडेही लक्ष असू द्या. डिमेन्शियाच्या रुग्णांना मिळणाऱ्या काळजीचे ७० टक्के तास स्त्रिया देतात असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि त्यातल्या कितीतरी जणी ऑफिसात याबद्दल अक्षरही काढत नाहीत. त्यामुळे सवलतींचा हा नियम एका सहकाऱ्यापुरता न ठेवता सगळ्यांना लेखी कळवा. कारण सांगायला लागू नये एवढा साधा ठेवा.