इंजिनची बॅटरी बदलताना नुसता मायनस काढून भागत नाही

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतलीय, पावसामुळं दहा-बारा दिवस गाडी निपाणीला घरासमोर उभी होती, आता सेल मारला की नुसतं टकटक वाजतंय, मल्टिमीटर लावला तर इंजिनच्या बॅटरीवर ११.४ व्होल्ट दाखवतंय, आतले दिवे आणि पंखा मात्र झकास चालतात. भाऊ म्हणतोय मायनस काढायचा, प्लस काढायचा, नवीन ठेवायची, अर्ध्या तासाचं काम. बदलायची कशी आणि दुकानदार म्हणतोय तशी मोठी बॅटरी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

भावाचं खोटं नाही, साध्या गाडीत एवढंच असतं. पण तुमच्या गाडीत करंट एकाच ठिकाणाहून येत नाही, तीन-चार ठिकाणांहून येतो, आणि लोक नेमके तिथंच फसतात, मी पण फसलोय म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी बॅटरी खरंच गेलीय का ते बघा. ११.४ म्हणजे पार उतरलीय, पण उतरली म्हणजे मेली असं नाही. चार्जरवर रात्रभर लावा, मग काढून पाच-सहा तास तशीच ठेवा आणि परत मीटर लावा. १२.६ च्या आसपास टिकली तर अजून जीव आहे. १२.२ किंवा त्याच्या खाली घसरली, किंवा सेल मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर नवीनच घ्या. आणि बॅटरीचं पोट फुगलंय, चीर गेलीय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय, असलं काही दिसलं तर चार्जिंग पण नको आणि दुसऱ्या गाडीवरनं केबल लावून स्टार्ट करायचा प्रयत्न पण नको. त्या वासाची बॅटरी चार्जरवर असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग क्लिपा काढा. चार्ज होताना बॅटरीतनं हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी एका ठिणगीनं पेट घेतो.

बॅटरी चांगली निघो नाहीतर नवीन घ्यावी लागो, ती का उतरली ते शोधा, नाहीतर नवीन पण महिन्याभरात बसणार. आपल्याकडं गाडी बनवून देणारे बरेचदा एखादी लाईन इंजिनच्या बॅटरीवर टाकतात, फ्रीज, चार्जिंगचं सॉकेट, मागचा कॅमेरा, काहीही. गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास थांबून मायनसच्या लाईनमध्ये मीटर अँपिअरवर लावा. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक, अर्धा-एक अँपिअर दिसला तर चोर आत आहे. मीटर असा लावलेला असताना सेल मात्र मारू नका, मीटर जाईल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, एक इंजिनची, एक आतल्या दिव्या-पंख्याची, आणि मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच. गाडी चालू झाली, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, चार्ज करायला लागला की रिले दोन्ही जोडतो, गाडी बंद झाली की तोडतो. पण काही रिले दोन्हीकडचं व्होल्टेज बघतात. म्हणजे गाडी बंद आहे, पण छतावरच्या सोलरनं आतली बॅटरी १३.३ च्या वर नेली की रिले परत टक करून जोडतो, सोलरनं इंजिनची बॅटरी पण भरावी म्हणून. सोय चांगलीच आहे. पण त्याचा अर्थ असा की तुम्ही इंजिनच्या बॅटरीचा मायनस काढला तरी तिची लाल केबल आतल्या बॅटरीमुळं जिवंत राहते, आणि त्या आतल्या बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीलाच जोडलेला असतो. पाना लालला लागून बॉडीला टेकला की खेळ संपला.

माझं असंच झालं. बेळगावच्या उद्यमबागेत एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये गाडी उभी होती, पावसाळ्यातली उघडीप होती, दुपारी मस्त ऊन पडलेलं. मायनस काढला, कापडात गुंडाळून बाजूला ठेवला, आणि आता काय, मोकळं झालं म्हणून निवांत प्लसचा नट सोडवायला लागलो. पान्याचं शेपूट सीटच्या फ्रेमला टेकलं. आवाज वेल्डिंगसारखा, निळा उजेड, आणि पाना हातातनं उडून पडला. बोटं वाचली कारण अंगठी आईनं सकाळीच काढायला लावली होती. तो दहाचा पाना अजून पेटीत आहे, त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा अर्धगोल खड्डा पडलाय, पोलाद वितळून गेलंय तेवढं. अंगठी असती तर ती बोटाभोवती लाल झाली असती, त्या बोटाचं काय झालं असतं ते नकोच.

म्हणून क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, चाकाला दगड. इंजिन बंद, चावी काढून खिशात, आणि ड्रायव्हरची काच खाली, कारण बॅटरी काढताना किंवा लावताना सेंट्रल लॉक कधीकधी आपोआप पडतं. इंजिन चालू असताना बॅटरी कधीच काढू नका, "अल्टरनेटरवर गाडी चालते का बघू" म्हणून काढतात काहीजण, त्यात व्होल्टेज एकदम वर उडतं आणि अल्टरनेटरचे डायोड नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. मग घरच्या लाईटची पिन लावली असेल तर ती काढा. इन्व्हर्टर बंद. मग सोलर, आणि इथं आधी पॅनलकडची वायर काढायची किंवा एमसीबी (ब्रेकर स्विच) पाडायचा, सोलरचा करंट सांभाळून बॅटरीला देणाऱ्या कंट्रोलरची बॅटरीकडची बाजू नंतर, उलटं केलं तर कंट्रोलर जायची भीती असते. एमसीबी सापडत नसेल तर छतावर जाड घोंगडी टाका, पण ती वाऱ्यानं उडणार नाही अशी बांधा, ताडपत्री पातळ असेल तर चालत नाही. मग आतल्या बॅटरीचा मेन स्विच बंद, स्विच नसेल तर तिचा पण मायनस काढा.

आता इंजिनच्या बॅटरीचा मायनस काढा, कापडात गुंडाळून लांब वळवा. मिनिटभर थांबा आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बॉडीच्या रंग नसलेल्या जागी लावा. शून्य आलं पाहिजे. बारा दाखवलं तर कुठूनतरी अजून करंट येतोय, हात काढा आणि शोधा. मीटरवर भरवसा नसेल तर इंडिकेटरचा साधा बारा व्होल्टचा बल्ब दोन वायरींना लावून तपासा, पेटला नाही तरच पुढं जा. ही एक मिनिटाची तपासणी मी त्या दिवशी केली असती तर पाना शाबूत राहिला असता.

गोकाककडच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं मला कन्नडात शिकवलं होतं, "मायनस मोदलु, प्लस आमेले", पहिला मायनस, मग प्लस. लावताना उलटं, पहिला प्लस, शेवटी मायनस. कारण एवढंच, मायनस निघाला की बॉडीचा आणि बॅटरीचा संबंध तुटतो, मग पाना प्लसला लागून बॉडीला टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. आपल्या गाडीत तो संबंध दुसऱ्या बॅटरीकडनं परत जुळतो, म्हणून वरचं सगळं रामायण.

पान्याला सायकलची जुनी ट्यूब कापून चढवा, फक्त तोंड उघडं ठेवा. अंगठी, घड्याळ, कडं, बांगड्या, गळ्यातलं, सगळं काढून ठेवा. रबरी हातमोजे आणि चष्मा. बॅटरी वीस-पंचवीस किलो भरते, एकट्यानं वाकून ओढू नका, भावाला दुसऱ्या बाजूनं धरायला लावा, आणि तिरकी करू नका, आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. कातडीवर उडालं तर भरपूर पाणी, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं सतत पाण्याखाली आणि तसंच डॉक्टरकडं. कपड्यावर उडालं तर तेव्हा काही दिसत नाही, पुढच्या धुण्यात बारीक भोकं पडतात, म्हणून जुने कपडे घाला.

खालचा ट्रे बघा, खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसात फिरणाऱ्या गाड्यांचा ट्रे हमखास खाल्लेला असतो. टर्मिनलवरची पांढरी-निळसर पावडर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, फसफसायचं थांबलं की साफ झालं, सुकवा, घासा, क्लॅम्प घट्ट झाल्यावर वरनं पेट्रोलियम जेली लावा.

मोठ्या बॅटरीबद्दल. थोडे अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता, जास्त झाले तर चालतं, पण दुकानदारानं दिली म्हणून घेऊ नका, जुनी बॅटरी सोबत न्या आणि शेजारी ठेवून बघा. लांबी-रुंदी, प्लस डावीकडं का उजवीकडं, आणि उंची. उंची जास्त झाली आणि वर सीटचा पत्रा असेल तर चोर्ला घाटातल्या खड्ड्यात प्लस वर टेकणार. धरून ठेवणारी पट्टी नीट आवळली गेलीच पाहिजे. लेबलवर थंडीतल्या स्टार्टिंगचे अँपिअर लिहिलेले असतात, ते जुन्यापेक्षा कमी नकोत, डिझेलच्या सेलला पहिल्या झटक्याला शेकडो अँपिअर लागतात. बॅटरी गाडीच्या आत, सीटखाली असेल तर गॅसची नळी बाहेर सोडलेली आहे का बघा. मेंटेनन्स फ्री असली तरी गॅसला वाट लागतेच, जुन्या बॅटरीला नळी होती आणि नवीनला तोंडच नाही असं असेल तर ती बॅटरी नको. हे वाचणाऱ्या कुणाकडं बसच्या चासीवरची मोठी गाडी असेल तर ती बहुतेक २४ व्होल्टची असते, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, तिथं दोन्ही एकदम बदलायच्या.

जुनी दुकानातच द्या, भंगारवाल्याला नको. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं ती रीसायकलिंगलाच गेली पाहिजे, आणि नवीनच्या बिलात तिचे पैसे वजा होतात. पैशासाठी ॲसिड गटारीत ओतून शिसं काढणारे आहेत अजून, त्यांच्या हातात देऊ नका.

सगळं जोडताना पहिला प्लस, मग मायनस, मग आतली बॅटरी, सगळ्यात शेवटी सोलरचं पॅनल. स्टार्ट करून बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.४ च्या मध्ये आलं पाहिजे. साडेबाराच्या आसपासच राहिलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि १५ च्या वर गेलं तर त्याचा रेग्युलेटर गेलाय, नवीन बॅटरी उकळून जाईल, त्याच दिवशी दाखवा. घड्याळ, रेडिओ परत सेट करावा लागेल, ते काही नाही.

तुमचा रिले कुठला आहे ते मला कळलं नाही. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये लाल जाड केबलवर काळा डबा असेल, त्याच्यावरच्या अक्षरांचा फोटो टाका, दोन्हीकडनं बघणारा आहे का ते सांगतो. तोपर्यंत सोलर चालू ठेवून लाल केबलला हात लावू नका.