टॅग घेण्याआधी गावात फोन किती ते बघा

भाऊ, बैलाच्या गळ्यात बांधायला एअरटॅग (हरवलेली वस्तू शोधायचा ॲपलचा छोटा टॅग) घेत असाल तर पैसे पाण्यात. त्यात जीपीएस नसतं. तो ब्लूटूथवर हाक देतो. जवळून जाणाऱ्या कोणाच्या तरी आयफोनने ती ऐकली, तरच ठिकाण कळतं. मेळघाटात ढोरं चरतात तिथं आयफोन कुठून आणणार? ढोरांसाठी सिमवालं जीपीएस बघा, अर्थात टॉवर तिथंही लागतोच.

आपल्याकडे गुगलच्या नेटवर्कवरचा टॅग बरा, कारण अँड्रॉइड घरोघरी आहे. पण त्यात एक मेख आहे: मूळ सेटिंगमध्ये हे फोन गर्दीच्या जागीच ठिकाण कळवतात. घरातल्या, शेजारच्या फोनवर ‘सगळीकडे’ हा पर्याय चालू करून घ्या, नाहीतर वावरात टॅग मुकाच. मोटारसायकलच्या चाब्या, अमरावतीच्या एसटीत राहिलेली बॅग, यासाठी मात्र झकास. एअरटॅगला सीआर२०३२ सेल लागतो, साधारण वर्षभर जातो.

आता नाजूक गोष्ट. गड्याच्या सायकलला किंवा सुनेच्या पर्समध्ये न सांगता टॅग टाकायचा विचार असेल तर सोडा. ती सरळ पाळत झाली. अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा इशारा २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्ही एकमेकांच्या टॅगबद्दल देतात. बटणाच्या फोनला काहीच कळत नाही, आणि गावात कितीतरी बायांकडे तोच असतो, ही माझी खरी काळजी. तुमच्याच फोनवर इशारा आला तर टॅग वाजवून शोधा, इशाऱ्याचा स्क्रीनशॉट आणि टॅगवरचा नंबर जपून ठेवा, सेल नंतर काढा.